ताळेबंद नसलेल्या गोष्टी

मुलांच्या पुस्तकांच्या प्रदर्शनात हल्ली दोन प्रकारची पुस्तकं दर्शनी टेबलावर असतात. एका प्रकारात नामवंत कंपन्यांच्या गोष्टी: ॲपल, गूगल, लेगो, टाटा, इन्फोसिस. दुसऱ्या प्रकारात ‘स्क्रीन-फ्री कोडिंग’: बाणांची कार्डं, चौकटींचे नकाशे, रोबोला घरी पोचवायचे खेळ. मूल मोबाइलपासून दूर राहील आणि तरीही काळाच्या मागे पडणार नाही, या दुहेरी आशेनं पालक ती घेतात. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, ही आशा फार तीव्र आहे. मुलाला शेतीतून बाहेर काढायचं, शिकायला पुण्याला पाठवायचं, आयटीत चिकटवायचं, हे स्वप्न राहुरी-नेवाशापासून पारनेर-कर्जतपर्यंत घरोघरी आहे. ते स्वप्न पाहणाऱ्यांना मी दोष देत नाही. उद्योग कसे उभे राहतात आणि यंत्राला सूचना कशा द्यायच्या असतात, हे दोन्ही विषय मुलांपर्यंत पोचलेच पाहिजेत.

माझा आक्षेप ते ज्या रूपात पोचताहेत त्याला आहे. दोन्ही प्रकारच्या पुस्तकांतून चूक गाळलेली असते. कंपनीच्या गोष्टीत अपयश येतं ते संस्थापकाच्या यशाआधीची शोभेची पायरी म्हणून. कोडिंगच्या पुस्तकात चूक शेवटच्या पानावरच्या उत्तरानं मिटवून टाकलेली असते. चूक कुठे झाली, कुणाची झाली, कशी सापडली, तिची किंमत कुणी मोजली, हे विचारण्याची सवय मुलाला लागतच नाही. हीच मुलं उद्या बँकेत ठेवी ठेवणार, शेअर घेणार, कारखान्याच्या वार्षिक सभेत हात वर करणार आणि कॉम्प्युटरनं दिलेल्या उत्तरावर सही करणार आहेत.

कंपन्यांच्या गोष्टींचा साचा ठरून गेलेला आहे. एक हुशार, जरा हट्टी मुलगा, एक गॅरेज, त्याला वेड्यात काढणारी मोठी माणसं आणि मग एकदम भरारी. ॲपलच्या गॅरेजचं चित्र जगभरच्या मुलांना पाठ आहे. कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनीच 2014 मध्ये सांगितलं की त्या गॅरेजमध्ये ना आराखडे झाले, ना उत्पादन. तरी चित्र हटलेलं नाही, कारण गोष्टीला ते हवं असतं. याच कंपनीच्या इतिहासात 1997 सालचा एक प्रसंग आहे. ॲपल अडचणीत होती आणि प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टनं तिच्यात 15 कोटी डॉलर गुंतवले. स्पर्धकाला बुडू का दिलं नसेल? या एका प्रश्नावर पाचवीचा वर्ग तासभर वाद घालू शकेल. गॅरेजच्या चित्रावर वाद घालण्यासारखं काहीच नसतं.

आणि आपल्या जिल्ह्यात तर गॅरेजपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट घडलेली आहे. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना होता. साखर आणि तिचा नफा कंपनीचा, शेतकऱ्याचा नव्हे, अशी ती मांडणी. 1945 मध्ये बागायतदारांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांचं शालेय शिक्षण जेमतेम, पण त्यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं आणि 1950 च्या अखेरीस प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. गाडगीळ अध्यक्ष, विखे पाटील उपाध्यक्ष. पुण्यातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि लोणीचा शेतकरी एका संचालक मंडळात बसले, हे दृश्यच मुलांना विचार करायला लावणारं आहे. अजून चिमणीही उभी नसलेल्या कारखान्याचा शेअर, सावकाराच्या कर्जाखाली दबलेला माणूस का विकत घेईल? त्याला कुणी काय सांगितलं असेल? त्यानं कुणावर विश्वास ठेवला असेल?

या प्रश्नांऐवजी मुलाच्या हाती येतं ते एकच वाक्य: आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना. प्रवरेचा अभिमान मलाही आहे, पण हे वाक्य तपासायला हवं. आंध्रातल्या एटिकोप्पाका इथे 1933 मध्येच शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर साखर काढायला सुरुवात केली होती. म्हणून प्रवरेचं मोल कमी होत नाही. महाराष्ट्रात पुढे जी सहकारी कारखानदारी उभी राहिली तिचा नमुना लोणीनं घालून दिला, आणि हे म्हणणं ‘पहिला’ या दाव्यापेक्षा भक्कम आहे, कारण ते दाखवून देता येतं. ‘पहिला म्हणजे कुठे पहिला, कशात पहिला, कुणाच्या नोंदीनुसार’ असं विचारणारी मुलगी उद्धट ठरवली जाऊ नये, एवढी तरी खात्री पुस्तकानं द्यायला हवी.

मग येतं ते न लिहिलेलं पान. कारखाना चालतो तो उसावर आणि ऊस तुटतो कोयत्यानं. याच जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला जोडपी मुकादमाची उचल घेऊन बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, तशीच त्यांची मोजदाद होते. मागे आजी असेल तर मूल गावात राहतं. नसेल तर तेही फडात जातं आणि त्याची शाळा सहामाहीच्या आसपास तुटते. अशा मुलांसाठी साखरशाळांचे प्रयोग झाले, काही टिकले, काही बंद पडले. लोणीची गोष्ट वाचणारं मूल आणि ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर राहणारं मूल एकाच जिल्ह्याच्या हजेरीपटावर असतात. साखरेच्या उद्योगावरच्या मुलांच्या पुस्तकात कोप्यांसाठी एक प्रकरण नसेल, तर ते पुस्तक उद्योगाची माहिती देत नाही, त्याची बाजू मांडतं.

नगर शहरात कायनेटिक चौक आहे. रोज तिथून जाणाऱ्या किती मुलांना माहीत असतं, की हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगनं 1972 मध्ये आणलेली लुना इथल्या कारखान्यात बनायची? पियाजिओच्या परवान्यावर तयार झालेली ती पन्नास सीसीची गाडी शिक्षकांची, दूधवाल्यांची, नोकरीला लागलेल्या मुलींची पहिली स्वतःची गाडी होती. पुढे 1984 मध्ये होंडाबरोबर भागीदारी झाली, 1998 मध्ये होंडा बाहेर पडली, 2008 मध्ये दुचाकींचा धंदा महिंद्राकडे गेला आणि 2024 मध्ये लुना विजेवर परत आली. या एका धाग्यात परवाना म्हणजे काय, भागीदार का येतो आणि का जातो, लोकप्रिय वस्तू बाजारातून कशी नाहीशी होते, सगळं आहे. मुलाला पायीपायी जाऊन बघता येईल अशा अंतरावर आहे. तरी आपण त्याला कॅलिफोर्नियाचं गॅरेज दाखवतो.

आणि नगर अर्बन बँक? 1910 साली स्थापन झालेली, पिढ्यान्पिढ्यांची खाती असलेली ही बँक. 4 ऑक्टोबर 2023 रोजी रिझर्व्ह बँकेनं तिचा परवाना रद्द केला. पुरेसं भांडवल उरलेलं नाही आणि कमाईची शक्यता दिसत नाही, असं कारण दिलं. ठेव विम्याचं संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला 5 लाख रुपयांपर्यंत असतं, त्यापुढची रक्कम अडकते. शंभराहून जास्त वर्षं चाललेली संस्था एका आदेशानं थांबते, हे नगरच्या मुलांनी आपल्या घरात पाहिलं आहे. आजोबांचा चेहरा पाहिला आहे, बँकेच्या बंद दारापुढची गर्दी पाहिली आहे. पण त्यावर त्यांच्या वयाला समजेल असं एक पानसुद्धा कुणी लिहून दिलेलं नाही. संस्था का बुडतात, कर्ज कुणाला दिलं हे कोण तपासतं, लेखापरीक्षक म्हणजे कोण, ‘विमा 5 लाखांचा’ याचा अर्थ काय, यावरचं पुस्तक मला कुठल्याही यशोगाथेपेक्षा जास्त तातडीचं वाटतं. ज्या मुलानं फक्त चढत्या कंपन्यांच्या गोष्टी वाचल्या, त्याला वाटतं की जुनं आणि मोठं नाव म्हणजेच सुरक्षितता. हा गैरसमज महागात पडणारा आहे.

ही पुस्तकं लिहितं कोण आणि त्यांचा खर्च कोण करतं, हेही पाहायला हवं. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामासाठी खर्च करणं बंधनकारक केलं आणि शिक्षण हा त्यातला पसंतीचा विषय ठरला. शाळांना त्यातून बाकं, शौचालयं, वाचनालयं मिळाली. ते चांगलंच झालं. पण त्याच वाटेनं एखाद्या कंपनीचं गौरवपर पुस्तक वर्गात आलं, तर त्याला कोण हरकत घेणार? कंपनीच्या पैशावर निघालेलं सारंच टाकाऊ असतं असं मी म्हणत नाही. ‘किर्लोस्कर खबर’ हे 1920 साली कारखान्याचं पत्र म्हणून निघालं आणि शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं असं मासिक केलं की मराठी घरांत त्यातल्या विचारांवर भांडणं व्हायची. फरक हा, की ते मासिक वाचकाला किर्लोस्करांच्या नांगराचं गिऱ्हाईक म्हणून धरून बसलं नाही.

कंपनीची गोष्ट आणि कोडिंग या दोन वाटा 2020 मध्ये एका ठिकाणी मिळाल्या होत्या. टाळेबंदीत मुलं घरात बसलेली असताना व्हाइटहॅट ज्युनिअर या कंपनीनं मुलांच्या कोडिंग शिकवण्यांच्या जाहिरातींचा मारा केला. त्यात ‘वुल्फ गुप्ता’ नावाचा एक बालक होता, ज्याला कोडिंगमुळे गूगलची प्रचंड पगाराची नोकरी मिळाली म्हणे. वेगवेगळ्या जाहिरातींत त्याचं वय वेगळं, पगारही वेगळा. असा मुलगा नव्हताच. जाहिरात मानक परिषदेच्या हस्तक्षेपानंतर कंपनीला काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बायजूजनं ही कंपनी 30 कोटी डॉलरना विकत घेतली होती आणि जुलै 2024 मध्ये खुद्द बायजूजची मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या आयांना ज्या भीतीनं पैसे भरायला लावले, ती भीती आता ‘स्क्रीन-फ्री’ या सोज्वळ वेष्टनात परत येते आहे. तेव्हा पडदा हवा होता, आता पडदा नको आहे. मूल मागे पडेल ही धास्ती तीच आहे.

मुळात कॉम्प्युटरविना कॉम्प्युटर शिकवण्याची कल्पना अतिशय प्रामाणिक आहे. न्यूझीलंडमधल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात असे खेळ तयार केले आणि शिक्षकांना मोफत उपलब्ध करून दिले. भारतात एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेनं 2016 पासून ‘सीएसपाठशाला’ या उपक्रमातून त्या धर्तीवर काम केलं. यातला एक खेळ नीट पाहण्यासारखा आहे.

एका बाजूनं रंगवलेली आणि दुसऱ्या बाजूनं कोरी अशी पत्रिकांच्या पुठ्ठ्याची कार्डं घ्यायची. एका मुलीला सांगायचं, पाच ओळी आणि पाच रांगा मांड, कुठलं कार्ड कसं ठेवायचं ते तुझं तू ठरव. मग शिक्षक म्हणतात, जरा अवघड करूया, आणि उजवीकडे एक रांग आणि खाली एक ओळ जास्तीची लावतात. आता शिक्षक पाठ फिरवतात. मुलगी छत्तीसपैकी कुठलंही एक कार्ड उलटं करते. शिक्षक वळतात आणि नेमकं तेच कार्ड उचलतात. वर्गात गलका होतो. गुपित असं, की जास्तीची कार्डं लावताना शिक्षकांनी प्रत्येक आडव्या ओळीत आणि उभ्या रांगेत रंगीत कार्डांची संख्या सम केलेली असते. एक कार्ड उलटलं की एक ओळ आणि एक रांग विषम होते, ती जिथे छेदतात तिथे चूक. खरा तास यानंतर सुरू होतो. कुणीतरी विचारतंच: दोन कार्डं उलटी केली तर? मग कळतं की काहीतरी बिघडलंय एवढं समजेल, पण कुठे ते खात्रीनं सांगता येणार नाही. चार कार्डं विशिष्ट जागी उलटली तर काहीच बिघडलं नाही असं दिसेल. चूक पकडणाऱ्या नियमालाही मर्यादा असते, हे दहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या हातानं सापडतं.

मग त्याला कुठल्याही पुस्तकाचं मलपृष्ठ दाखवावं. तिथल्या तेरा आकडी आयएसबीएनमधले अंक आळीपाळीनं एकनं आणि तीननं गुणून बेरीज केली की ती दहाच्या पटीत येते. शेवटचा अंक त्यासाठीच जोडलेला असतो. छापताना एखादा अंक चुकला तर लगेच कळतं. पण शेजारच्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल, समजा 1 आणि 6, आणि त्यांची अदलाबदल झाली, तर हा नियम फसतो. मुलांना हे शोधायला लावा. एक पैसा लागत नाही.

बाजारातल्या संचांत असं काही क्वचितच असतं. तिथे बाण असतात. दोन घरं पुढे, एक घर डावीकडे, पोचलं सफरचंद. बालवाडीच्या मुलाला डावं-उजवं कळायला ते ठीक आहे, त्याला कोडिंग म्हणून शेकड्यांनी रुपये घेणं ठीक नाही. ज्या खेळात उत्तर एकच आहे आणि ते मागे छापलेलं आहे, त्यात मूल आज्ञा पाळायला शिकतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा बराचसा वेळ, लिहिलेलं का चालत नाही हे शोधण्यात जातो, आणि नेमकं तेच इथे वगळलेलं असतं.

आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ज्याला सगळे एफआरपी म्हणतात, 2025-26 च्या हंगामासाठी केंद्रानं असा ठरवला: साखर उतारा, म्हणजे उसातून निघालेल्या साखरेचं प्रमाण, 10.25 टक्के असेल तर क्विंटलला 355 रुपये. त्यावर दर 0.1 टक्क्याला 3.46 रुपये वाढ. त्याखाली तेवढीच घट. पण उतारा साडेनऊ टक्क्यांच्या खाली गेला तर पुढे घट नाही, 329 रुपये 5 पैसे द्यायचेच. हा हुबेहूब प्रोग्रॅम आहे: अट, फाटा, मर्यादा. उतारा 11.25 असेल तर दहा टप्पे, म्हणजे 34.60 ची भर, क्विंटलला 389.60 आणि टनाला 3896 रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. सहावीचं मूल हे कागदावर बसवू शकतं आणि घरी आलेल्या पावतीशी ताडून पाहू शकतं. आकडा जुळला नाही तर? उतारा कुठल्या हंगामाचा धरला, वजनकाटा बरोबर होता का, तोडणीचा खर्च कसा लावला? इथे कंपनीची गोष्ट आणि कोडिंग एकाच कागदावर येतात, आणि शेतकऱ्याच्या घरातलं मूल शहरातल्या मुलाच्या एक पाऊल पुढे असतं.

‘स्क्रीन-फ्री’च्या या लाटेत एक अन्यायही दडलेला आहे, त्याकडे शाळा व्यवस्थापन समित्यांनी डोळेझाक करू नये. ‘स्क्रीन-फ्री’ ही गरज मुख्यतः शहरी घरांची आहे, जिथे मुलाभोवती तीन-तीन पडदे आहेत. ज्या शाळेत कॉम्प्युटर धूळ खात पडलेत, वीजबिल थकलंय किंवा शिकवणारं कुणी नाही, तिथे कार्डांचा संच देऊन ‘कोडिंग सुरू केलं’ असा अहवाल पाठवता येतो. शहरातलं मूल कार्डांवरून पुढे कीबोर्डवर जाणार. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या वाडीवरचं मूल कार्डांवरच थांबणार. कार्डांनी सुरुवात व्हावी, पण ती कॉम्प्युटर न देण्याची सबब होता कामा नये.

घाई करण्याचं कारण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 2020 मध्येच उच्च प्राथमिक वर्गांसाठी कोडिंगचा उल्लेख केला. आता 2026-27 पासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती शिकवण्याची घोषणा केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं केली आहे. शाळांवर दबाव येईल, खरेदीचे आदेश निघतील आणि इंग्रजीतून घाईनं भाषांतरित केलेले संच आणि पुस्तकं तालुक्या-तालुक्यात पोचतील. एकदा खरेदी झाली की तेच दहा वर्षं कपाटात राहतं. खरेदी समितीत बसणाऱ्या मुख्याध्यापकांनी पुस्तक हातात घेतल्यावर आधी पाहावं की त्यात तोट्याचं एखादं वर्ष आहे का, कामगारांचं नाव आहे का, छपाईचा खर्च कुणी केला ते लिहिलंय का. संच घेताना पाहावं की मुलानं केलेली चूक मुलालाच सापडण्याची त्यात काही सोय आहे का.

आणि नवं पुस्तक येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. जिल्ह्यातल्या सहकारी कारखान्यांचे, बँकांचे, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल मराठीतच छापले जातात आणि सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेआधी सभासदांच्या घरी येतात. त्यात ताळेबंद असतो, नफा-तोटा पत्रक असतं, लेखापरीक्षकाचे शेरे असतात. बहुतेक घरांत तो न उघडता रद्दीत जातो. आठवीच्या वर्गात मुलांनी घरून असे दोन लागोपाठच्या वर्षांचे अहवाल आणावेत, शेजारी-शेजारी ठेवावेत आणि कर्ज, येणी, साठा यांतला कुठला आकडा सगळ्यात जास्त बदलला ते शोधावं. तो का बदलला, हे सभेत विचारायला त्यांनी आपल्या आई-वडिलांना सांगावं.